भीमसेनाची वीतभर गादी

अमरावती, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८५

“गाद्या विकून थंडीत कुडकुडणाऱ्या अमरावतीकरांनो!” आजचे भाषण मी असेच सुरू केले. कापसाला सोन्याचा भाव आला म्हणून अंथरुणातला कापूसही विकायचा? टाळ्या खूप पडल्या. घरी आलो तर भीमसेन, आमचे कुत्र्याचे पिल्लू, उघड्या भुईवर थरथरत होते. मी चिडून हिला विचारले, “याची गादी कुठे आहे?”

“मले काय पुसता? मागल्या सोमवारी तुमीच तं जुन्या गाद्यांसंगं गाडीत टाकली. नाव भीमसेन, अन् निजाले थंडी भुई! नुसतं बारसं करून बाप होते का जी कोनी?”

वीतभर गादी ती. हिने जुन्या लुगड्याची शिवलेली. मला दिसली नाही, की मी पाहिलीच नाही? नाव शोधायला मात्र दोन दिवस पोथ्या चाळल्या होत्या! आणि हा वेडा अजून माझाच हात चाटतो. आता मांडीवर झोपला आहे. वीतभर गादी, तीही मी विकली.

वक्तेमहाशय, उद्याचे भाषण राहू द्या. याला शालीत गुंडाळून ठेवा, आत्ता उठा, आपली उशी उसवा आणि याची गादी भरा.