निळ्या रंगात आहे का?

सोमवार, ४ मार्च
व्हॅक्युम क्लीनर कंपनीचा ईमेल आला. शुक्रवारी निवड चाचणी, दिवसभर. सेल्सची जागा एकच. म्हणजे माझीच. बायको दीड महिना माहेरी बसली आहे, नोकरी लागल्याशिवाय परत येणार नाही म्हणते. आता येईल मुकाट्याने.
आधीची नोकरी मीच सोडली, हे इथे नोंदवून ठेवतो. त्यांनी फक्त माझ्या आधी सांगितलं.

बुधवार, ६ मार्च
संकल्प: रोज तासभर आरशासमोर विक्रीचा सराव. आज दहा मिनिटं झाला. समोरचा ऐकूनच घेत नव्हता.
दुपारी दारावर झाडूवाली आली. तिचं तंत्र बघावं म्हणून बोलत उभा राहिलो. तीन झाडू घेतले. याला अभ्यास म्हणतात.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी ८.४०
कंपनीच्या लॉबीत. पहिला आलोय. वॉचमन म्हणाला, वेळ दहाची आहे. टाय इतका घट्ट बसलाय की मान आपोआप ताठ राहते. उत्तम.

दुपारी १.३०
ग्रुप डिस्कशन झालं. बाकीचे दहा जण नुसता कलकलाट करत होते. मी एक अक्षर बोललो नाही. मोठी माणसं आधी ऐकून घेतात. परीक्षक मॅडमनी माझ्याकडे बघून काहीतरी लिहिलं. थोडंसंच, पण लिहिलं.

संध्याकाळी ६
शेवटच्या फेरीत जोड्या लावल्या. एकाने मशीन विकायचं, दुसऱ्याने ग्राहक होऊन नको नको म्हणत राहायचं. मग अदलाबदल. माझ्या वाट्याला लाल ओढणीवाली एक मुलगी. आधी ती विकणार होती. आज हिची जिरवायचीच, असं ठरवून मी हाताची घडी घातली.
तिने विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, सध्या एकटाच, बायको माहेरी. ती म्हणाली, मग वहिनी परत येतील तेव्हा घर लखलखीत दिसायला नको?
पुढचं नीट आठवत नाही. निळ्या रंगात आहे का, हे मीच विचारलं. फॉर्मवर सही केली, पत्ताही खरा लिहिला.
माझी पाळी आल्यावर तिला म्हटलं, खरंच छान मशीन आहे हो, तुम्हीपण घ्या. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, बरं.
मॅडम खाली मान घालून हसत होत्या. खूश दिसल्या.

मंगळवार, १२ मार्च
फोन आला! खुद्द मॅडमचा! जागा लाल ओढणीला दिली. पण म्हणाल्या, तुमच्यासारखा ग्राहक उभ्या जन्मात पाहिला नाही. नव्या लोकांच्या ट्रेनिंगला ग्राहक म्हणून बसाल का? लेटर पाठवतायत. लेटर आलं म्हणजे नोकरीच की.
लगेच बायकोला कळवलं, निवड झाली. ती रडायलाच लागली. शनिवारी येते म्हणाली. कशासाठी निवड, ते तिने विचारलं नाही. आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?

शनिवार, १६ मार्च
बायको आली. चप्पल काढायच्या आधीच लेटर मागितलं. उभ्यानेच वाचलं. महिन्यातून एक दिवस. जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी म्हटलं, अगं, शिरकाव तर झाला.
तिने विचारलं, फोनवर का नाही सांगितलंस? उत्तर माझ्याकडे होतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस. पण मी पाणी आणायला आत गेलो. फार लाज वाटली.
पाणीसुद्धा न पिता तिने बॅग उचलली. स्टँडवर सोडायला गेलो. बस सुटली तेव्हा मी हात हलवला. ती खाली बघून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. रुमाल असेल बहुतेक.