एका टेकमध्ये ओके

४ मार्च, सकाळी ९
संकल्प: आजपासून विनोदी कलाकारांच्या आयुष्यावरच्या विनोदी मालिका बघायच्या नाहीत. काल सलग पाच भाग पाहिले, डोकं उठलं. सगळीकडे तेच. हीरो स्टेजवर हसवतो, घरी रडतो, शेवटच्या भागात स्टेजवरच रडतो आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. विनोद औषधालासुद्धा नाही. मी बावीस वर्षं स्टेजवर उभा राहून लोकांना हसवतोय. मला विचारा म्हणावं.

बायको म्हणाली, कोणी विचारत नाही म्हणूनच तर राग आहे. दुर्लक्ष केलं. माझ्या विनोदावर ती कधी हसत नाही. आतल्या आत हसते, असं तीच एकदा म्हणाली होती.

मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरला माणूस हवाय. मी स्पष्ट नाही म्हटलं. बायकोने ते भावाला कळवलेलं नाही.

७ मार्च
विचारलं. तसल्याच मालिकेसाठी. ‘सल्लागार’ म्हणून. संकल्प स्थगित.

सल्लागार हे नुसतं बोलायला. आधी सल्ला घेतील, मग मला बघतील, मग हीरो बदलतील. धंद्यात असंच चालतं.

९ मार्च
मीटिंग. डायरेक्टर खोलीतही टोपी घालून बसतो. वय अठ्ठावीस, अक्कल त्याहून लहान. मी माझा दाताच्या डॉक्टरचा दहा मिनिटांचा आयटम करून दाखवला. हीरो वहीत लिहीत होता: रुमाल कधी काढतो, घाम कसा पुसतो. बिचारा. देखणा आहे, पण विनोद अंगात असावा लागतो. त्याने विचारलं, पाणी कधी पिता? मी सांगितलं, पंच मारल्यावर. हशा ओसरेपर्यंत वेळ काढायला. आणि हशा आलाच नाही तर? म्हटलं, तसा अनुभव नाही. तेही लिहून घेतलं.

चहा घेताना टोपीवाल्याला मेहुण्याच्या दुकानाची गंमत सांगितली. खूप हसला.

१५ मार्च
स्क्रिप्ट आलं. हीरो शेहेचाळीस वर्षांचा, तपकिरी जॅकेट, दाताच्या डॉक्टरचे विनोद, मेहुण्याचं टाइल्सचं दुकान. बायकोने वाचून म्हटलं, हे तुम्हीच आहात. मी म्हटलं, काहीतरीच काय. हा माणूस मूर्ख आहे, स्वतःला फार मोठा समजतो. ती भांडी आवरायला गेली.

२ एप्रिल, शूटिंग
आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहून ठेवण्यासारखा. सीन असा: कलाकाराचा प्रयोग पडतो, हॉलमध्ये एकही माणूस हसत नाही. पण हीरो उभा राहिला की समोरचे चाळीस ज्युनियर आर्टिस्ट खो खो हसायचे. तीन टेक वाया. टोपीवाल्याने कपाळाला हात लावला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

कॅमेरा माझ्या मागे. फ्रेममध्ये तपकिरी जॅकेटमधली माझी पाठ, समोर चाळीस चेहरे. आयटम पूर्ण केला. चाळीस माणसं हसू दाबून बसली होती. एकाचाही ओठ हलला नाही. ही शिस्त, ही हिंमत. एका टेकमध्ये ओके. टोपीवाल्याने मिठी मारली.

घरी सांगितलं, रोल मिळाला. मेहुण्यालाही फोन केला. तो म्हणाला, “भाऊजी, काउंटरच्या माणसासाठी तुमची मालिका येईपर्यंत थांबतो.” बायको म्हणाली, त्यानंतर मात्र तो थांबणार नाही. कबूल केलं. त्यानंतर मला वेळ कुठे असणार?

३ एप्रिल
ज्युनियर आर्टिस्ट आणणाऱ्या बाईंना फोन केला, शिस्तीचं कौतुक करायला. म्हटलं, हसू नका अशी कडक सूचना दिली असेल ना?

“सूचना? तीच, जी हीरोच्या वेळी होती. हसू आलं तर हसा.”

३ एप्रिल, नंतर
हॉलमध्ये एसी फार होता. थंडीत कोणी हसत नाही. शिवाय जेवणाची सुट्टी व्हायची होती. उपाशी माणसाला विनोद सांगू नये, हे टोपीवाल्याला कोणी शिकवलं नाही वाटतं. अडाणी.

२० जुलै
फोन नाही. मोठे लोक आधी फोन करत नसतात.

११ ऑक्टोबर, रविवार, दुपार
मालिका आली. मेहुणा सहकुटुंब आला. तिसऱ्या भागात माझा सीन, हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

हीरो तपकिरी जॅकेटमध्ये आला. पंच मारला. कोणी हसलं नाही, तरी हशा ओसरण्याची वाट बघत पाणी प्यायला. रुमालाने घाम पुसला. पुन्हा वाट बघितली, पुन्हा पाणी.

बायको हसली. आतल्या आत नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिचा हसण्याचा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिने पदर तोंडावर धरला.

तेवढ्यात माझी पाठ आली. पुढे चाळीस चेहरे. खोलीतही कोणी हसलं नाही.

“ही पाठ तुमची ना?” तिने हळूच विचारलं.

म्हटलं, हो.

“जॅकेटला इस्त्री हवी होती,” ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मेहुण्याला विचारलं, दुकान किती वाजता उघडतं. नऊ म्हणाला.