ईस्टरपर्यंत जासिंताची बदली

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार
कपाळावर राख घेऊन आले. फादरांनी प्रत्येकाला विचारलं, या उपवासकाळात काय सोडणार? शेजारच्या एर्मेलिंदाबाईने गोड सोडलं. माझ्या नवऱ्याने, अबीलिओने वाइन सोडली, म्हणजे जेवणाआधीची. जेवतानाची चालू आहे. गोड मी एरवीही खात नाही, साखरेचे भाव काय झालेत! म्हणून मी बोलणं सोडलं. सगळं नव्हे. लेकीशी, म्हणजे जासिंताशी, हॉस्पिटलबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मला सोपं जाईल. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा माझा स्वभावच नाही.

पण गप्प राहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पोर तेवीस वर्षांची. नर्सिंग पास होऊन वर्ष नाही झालं, आणि पोर्तो शहरात कॅन्सरच्या वॉर्डात लागलीय. पहिलीच नोकरी आणि ही! इकडे गावच्या आरोग्य केंद्रात नर्सची एक जागा निघालीय. रक्तदाब मोजायचा, म्हाताऱ्यांना टोचायचं, पोरांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधायच्या. घरापासून पाच मिनिटं. ईस्टरपर्यंत जासिंताची तिथे बदली करायचीच. फातिमाच्या मरियामातेला प्रार्थनेत कळवलंय. जासिंताला अजून नाही.

२१ फेब्रुवारी
व्रत मोडलं असं म्हणता येणार नाही. मी फक्त "आज किती गेले?" एवढंच विचारलं. यात हॉस्पिटल हा शब्द कुठे आला? अबीलिओने चमचा खाली ठेवला. जासिंता म्हणाली, आज कोणी गेलं नाही गं आई, उलट एका आजींचे केस परत उगवायला लागलेत. त्यांनी रुमाल काढून प्रत्येकीला डोक्यावरून हात फिरवायला लावला. बदकाच्या पिल्लासारखं मऊ, म्हणाली. आणि हसली.
माझ्यापासून लपवतेय पोर. आईला कळतं.

२२ फेब्रुवारी
आज बोलले. थोडंच. उद्यापासून नाही.

२६ फेब्रुवारी
एक लक्षात आलंय. जासिंता कामावरून येते, गाडी दारासमोर लावते, इंजिन बंद करते, आणि आतच बसून राहते. मी पडद्यामागून पाहते. (पडदा धुवायला काढायचाच होता.) डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. ती जपमाळ ओढत असणार, दुसरं काय! माझं वळण आहे. डोळे भरून आले.

अबीलिओ म्हणाला, ती वॉर्ड गाडीत सोडून घरात येते, तिला राहू दे जरा. चपलांच्या कारखान्यात जन्म गेला याचा, त्याला काय कळणार? मी सूपचा वाडगा घेऊन खाली गेले, काचेवर टकटक केली. तिने दचकून पाहिलं. काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाली, आई, दहा मिनिटं दे फक्त. मी म्हटलं, सूप थांबत नाही, गॅस काय फुकट येतो? तिने गाडीतच प्यायलं. म्हणजे भूक लागली होती. मी बरोबर होते.

३ मार्च
जासिंताचं एक नवीनच निघालंय. युरोपभरच्या नव्या नर्सा, सगळ्या कॅन्सरवाल्या, महिन्यातून दोनदा कंप्युटरवर भेटतात. फिनलंडची एक आइनो, आयर्लंडची ओर्ला, ग्रीसची स्टामातिया. जुन्या नर्सा त्यांना शिकवतातही, पण मी पाहते तेव्हा त्या बोलतच असतात. इंग्रजीत. मी कपड्यांच्या घड्या करत मागेच होते, मुद्दाम नव्हे, इस्त्रीचं टेबलच तिथे आहे. ग्रीक मुलगी रडत होती. मग आइनो काहीतरी म्हणाली आणि चौघी पोट धरून हसल्या. एकदा रडू, एकदा हसू! भाषा कळली नाही तरी मी ओळखलं: चौघीही राजीनामा द्यायच्या बेतात आहेत.

मग मला राहवेना. मी पुढे होऊन सांगितलं, पोरींनो, तुमच्या आयांचा विचार करा, अजून वय गेलेलं नाही, आपापल्या गावच्या केंद्रात जागा बघा, दोन घास वेळेवर खा, आणि रात्री पाय कोमट पाण्यात ठेवा, मीठ घालून. जासिंताने त्यांना चार शब्दांत भाषांतर करून सांगितलं. मी नंतर विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणे, "आई म्हणते तुम्ही बारीक झालात." बस! तरी त्या तिघींनी एकदम माना डोलावल्या, आणि स्टामातिया म्हणाली म्हणे की माझीही आई रोज हेच म्हणते.
म्हणजे सगळ्या युरोपचा मला पाठिंबा आहे.

१० मार्च
एर्मेलिंदाबाईचा दीर आरोग्य केंद्रात कारकून आहे. त्याच्याकडे आम्ही दोघी गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून घरचा स्पंज केक नेला. अंडी हिशेबात "धर्मादाय" खाली लिहिली आहेत. केक त्याने लगेच आत ठेवला आणि म्हणाला, अर्ज मुलीने स्वतः करायचा, कंप्युटरवरून. मी म्हटलं, मी तिची आई. तो म्हणाला, बाई, जोडायच्या कागदांत आई नाही. एर्मेलिंदाबाई फिसकन हसली. घरी जाताना मी तिच्याशी बोलले नाही.

पण एक कामाचं कळलं. सरकारी हॉस्पिटलमधून यायचं तर तिथल्या वरिष्ठांनी सोडायला हवं. म्हणजे पोर्तोला जाऊन जासिंताच्या हेड नर्सला भेटायचं. आल्दाबाई नाव. बाईमाणूस आहे, तिलाही आई असेल. जासिंताला आत्ताच सांगण्यात अर्थ नाही. माझं व्रत आहे.

१७ मार्च
भेट एकंदरीत यशस्वी झाली. जे घडलं ते देवाला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

सकाळच्या गाडीने गेले. केमोच्या खुर्च्यांची मोठी खोली, प्रत्येकाच्या हाताला नळी, आणि बाहेर बाक. मी बाकावर बसले होते, तेवढ्यात घंटा झाली. एक, दोन, तीन. आता आमच्या चर्चची घंटा कोणी वारलं की वाजते. बाईसाठी दोन ठोके, पुरुषासाठी तीन. लहानपणापासून ऐकतेय. म्हणजे पुरुष गेला! मी तिथेच फरशीवर गुडघे टेकले आणि मोठ्याने सुरू केलं, हे प्रभो, या आत्म्याला शाश्वत शांती दे. आतून टाळ्या ऐकू आल्या. मला वाईट वाटलं, पण हल्ली प्रेतयात्रेतही टाळ्या वाजवतात, टीव्हीवर पाहिलंय. मी आवाज वाढवला.

दारातून एक उंच म्हातारा बाहेर आला, हातात फुलं. मी त्याचा हात धरून म्हटलं, धीर धरा, कोण होते तुमचे? तो म्हणाला, "बाई, घंटा मीच वाजवली. माझी औषधं आज संपली. प्रार्थना चालू द्या, पण थोडी घाई होतेय तुमची."

इथे उपचार संपले की पेशंट भिंतीवरची घंटा तीनदा वाजवतो, अशी पद्धत आहे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. (लिहिलं होतं, नंतर दिसलं, पण चष्मा पिशवीत होता.) आतली एक तरुण बाई मात्र माझी प्रार्थना ऐकून रडायला लागली. जासिंता धावत आली. मला पाहून ती पांढरी पडली आणि मग लाल. आधी त्या बाईपाशी गेली, खुर्चीशेजारी उकिडवी बसली, हात हातात घेतला, काय बोलली कळलं नाही. बराच वेळ बोलत होती. ती बाई हसेपर्यंत उठली नाही. मग मला कोपराला धरून बाहेर आणलं आणि एवढंच म्हणाली, "आई, तू इथे का?"
तिला दुसऱ्या खुर्चीवरून हाक आली म्हणून मी सुटले.

आल्दाबाईंनी मला खोलीत घेतलं, दारही लावलं. एवढा मान दिला. मी बदलीचं सांगितलं. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, जासिंता तर मला काही बोलली नाही. मी म्हटलं, ती संकोची आहे, माझ्यावर गेलीय. त्या म्हणाल्या, तिला धरून चौघी लागल्या होत्या, दोघी वर्षाच्या आत सोडून गेल्या, एक बेल्जियमला, एक दुकानात कामाला. जासिंता आणि तानिया उरल्यात. पेशंट जासिंताचं नाव घेऊन विचारतात, आज ती आहे का म्हणून.
म्हणजे पिळून घेतायत पोरीला. मी मनात नोंद केली.

१८ मार्च
जासिंता बोलत नाही. माझं व्रत तिनेच धरलंय.

१९ मार्च, संत जोसेफचा सण
आज बापांचा दिवस. जासिंताने अबीलिओला चॉकलेट आणलं आणि दोघं तिच्या गाडीत बसून बोलली, काचा वर करून. पडदा धुऊन वाळत होता, त्यामुळे मला स्वयंपाकघरातून वाकून पाहावं लागलं. अबीलिओकडून नंतर थोडं थोडं काढलं. आल्दाबाईंनी तिला बोलावून विचारलं म्हणे, जायचंय का तुला, जायचं तर सरळ सांग. ती म्हणाली, नाही. सगळ्या नर्सांसमोर सांगावं लागलं. अबीलिओ म्हणाला, लुदोविना, पोरीला ते काम जमतं गं, तुला का दिसत नाही? मी म्हटलं, जमतं म्हणून काय आयुष्यभर करायचं? मला भांडी घासायला जमतात.
तो चॉकलेट खात बसला. उपवासकाळात.

२७ मार्च
माता पावली! एर्मेलिंदाबाई ओट्यावरूनच ओरडली: जागा भरली, पोर्तोच्या कॅन्सर वॉर्डातलीच नर्स येतेय, दिराने यादी स्वतः पाहिली. मी म्हटलं ना! वरून नाही म्हणाली आणि आतून अर्ज केला, पोर माझीच. चर्चमध्ये जाऊन खऱ्या मेणाची मोठी मेणबत्ती लावली, विजेवरची नव्हे. फादरांना सांगितलं. पाववालीला सांगितलं. ईस्टरसाठी सुका कॉड मासा घेतला, जाड भागाचा. अबीलिओला सांगितलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, नाव वाचलंस का? असल्या वेळी नाव कोण वाचतं?

संध्याकाळी
तानिया. तानियाला मिळाली जागा. शेजारच्याच गावची, नवीन लग्न झालेली. माझ्या त्या भेटीनंतर वॉर्डात सगळ्यांना जागेचं कळलं, आणि अर्ज कसा करायचा ते जासिंतानेच तिला दाखवलं. जासिंता शांतपणे म्हणाली, तिला झोप लागत नव्हती आई, तिला गरज होती. मी विचारलं, आणि तुला? ती म्हणाली, मला आता तिच्या ड्यूट्या आहेत.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चमध्ये मिस्सेला चौदा जणींनी अभिनंदन केलं. मी "देवाची कृपा" म्हणाले. खोटं नाही ते.
जासिंता कामावर. पुढच्या रविवारीही कामावर, म्हणजे ईस्टरला. फादर क्रूस घेऊन घरोघर येतील तेव्हा क्रुसाचं चुंबन घ्यायला घरात मी आणि अबीलिओ. कारकुनाला जाब विचारणार होते, पण केक परत मागता येत नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
जासिंताने पोर्तोला खोली घेतली. हॉस्पिटलला चालत जाता येतं. माझी प्रतिक्रिया अत्यंत शांत होती. बशी हातातून निसटली ती साबणामुळे.
मी म्हटलं, थकलीस म्हणून असं बोलतेस. ती म्हणाली, "थकतेच. पण वॉर्डात मला रडू आलं तर तानिया माझ्यापुढे आडोसा करून उभी राहायची, कोणाला दिसू नये म्हणून. घरी रडू आलं तर तू बदली काढतेस." अबीलिओने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, म्हणजे आता मला सांगणारच नाहीस काही? ती म्हणाली, सांगत होते ना. बदकाच्या पिल्लाचं सांगितलं, तू ऐकलंस कुठे?
आज मांस नाही, तसं मला जेवणही नको होतं.

५ एप्रिल, ईस्टर
दारात फुलं घातली. क्रूस आला, गेला. कॉड उरला.
खोली हॉस्पिटलजवळ असावी हे मुळात माझंच मत होतं. तीन महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

७ एप्रिल
दोन दिवस कान गरम वाटत होते म्हणून आरोग्य केंद्रात गेले. आत तानिया. पहिलाच आठवडा तिचा. ओठांना रंग, डोळ्यांना पुरती झोप मिळालेली. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाली, काकू, आमच्यात जासिंताच खंबीर, मला ते झेपेना. पट्टा घट्ट झाला, सैल झाला. म्हणाली, रक्तदाब बराच वाढलाय. मीठ कमी करा, आणि डोक्याला त्रास करून घेऊ नका. मग कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, विचारावाच लागतो म्हणाली: घरी आणखी कोण असतं?
मी म्हटलं, मी आणि अबीलिओ.
तिने लिहून घेतलं. हात हलका आहे पोरीचा. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. जाईन. पाच मिनिटांवर तर आहे.