दाजींच्या जीपमधून द्राक्षमळे

बमरोली, ९ फेब्रु. ९७
दाजींना एकाएकी आम्हाला द्राक्षमळे दाखवायची हौस का आली? लग्न झाल्यापासून ताईला त्यांनी जवळच्या डुमसला समुद्रावरसुद्धा नेलं नाही. आता जीप ठरवली आहे. वणीच्या गडावर देवीचं दर्शन, मग दिंडोरीकडचे मळे. बाबांना कापडाच्या लूमवर सुट्टी नाही. ताईच्या पोरींना मी घरी सांभाळते म्हटलं, तर दाजी: "ना ना, बायका-पोरं सगळी पाहिजेत. चालो मॅडम, फरवा जईए." घरात मी एकटीच बी.ए., म्हणून मी मॅडम.

१४ फेब्रु.
जीपला भगवा झेंडा, काचेवर देवीचा फोटो. दाजी एरवी देवळाची पायरी चढत नाहीत. आई म्हणते, माणूस सुधरस. असेलही. मलाच वाईट बघायची सवय लागली आहे का...

१५ फेब्रु., दिंडोरीजवळ, मळ्यातली खोली
गडावर ओटी भरली. खाली आल्यावर आई म्हणाली, "देवीनं दर्शन व्हयनं, आते सिधं घर चाला." दर्शनानंतर दुसरीकडे जायचं नसतं, आमच्यात तसंच आहे. दाजी हसले. "सासूबाई, देवी द्राक्षं खाऊ नको म्हणाली का?"

डांबरी सोडून आतल्या रस्त्याने. पाट, बाभळी, मग दोन्हीकडे मांडव. मांडवाखाली हिरवा उजेड, घड डोक्याला लागतात. इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ सगळं विसरले.

मळेवाला काळ्या द्राक्षांपाशी थांबला. "ही खायची नाहीत ताई, वाइनला जातात." पुढे तो बोलणार, तेवढ्यात दाजी त्याला शेडकडे घेऊन गेले. आम्हाला: "तुम्ही फिरा."

परतलो तर जीपच्या मागे पेट्या. मळ्यातल्या बाया द्राक्षांच्या पेट्या डोक्यावर एकावर एक रचून नेतात. यातली एक मला जागची हलेना. दाजी: "हात नको लावू, द्राक्षं दबतील." ताई पदराशी चाळा करत होती, वर बघितलं नाही.

आमच्या गुजरातेत दारूबंदी. सापुताऱ्याला सरहद्दीचा नाका. झेंडा, कपाळभर कुंकवाची आई, मांडीवर पोरी. गडावरून आलेली गाडी कोण उघडतं?

१७ फेब्रु., बमरोली
ताई-दाजींची जीप अजून आलेली नाही. बाबा दोनदा जवळच्या पांडेसऱ्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आले. आई विचारते, "आन् खरंच द्राक्षेच व्हतीन तं?" तिला काय सांगू.

काल सापुताऱ्याच्या अलीकडे हतगडला जीप चहाला थांबली. मी सरळ म्हटलं, "पेट्या उघडून दाखवा. द्राक्षं निघाली तर सगळ्यांसमोर पाया पडते."
दाजी: "बी.ए. केलंस का पोलिसात भरती झालीस?"
उघडल्या नाहीत. ताई हळूच, "गप ना मिना. संसार माझा आहे."
"पोरी पण तुझ्याच आहेत."


आईला उतरवलं, पोरींना उतरवलं. मागून आमच्याकडची एसटी येत होती, तिला हात केला. ताईचा हात धरला, तिने सोडवून घेतला. जीपचं दार मी बाहेरून लावलं.