लोखंड आहे, पडत नाही

१४ नोव्हेंबर

ती. दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? पट्टा बांधल्याशिवाय त्यांना जिना उतरू देऊ नकोस. तुझं ऐकत नसतील तर माझं नाव सांग. आमच्या अग्निशमन केंद्रात नवी गाडी आली आहे. तिचा भोंगा थेट काकूंच्या आवाजाचा. सगळे दचकून कामाला लागतात.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, गोदाम आगीने पडणं शक्यच नाही, कुणीतरी आत स्फोट घडवला, आणि सोमवारी चौकशीत तू तेच सांगणार आहेस. लोखंड वितळेल एवढी धग खोक्यांच्या आगीत नसते, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण दादा, खिडकीच्या गजांना पीळ घालताना तू ते वितळवतोस का? भट्टीत लाल झाले की मुकाट वाकतात. गोदामाच्या तुळयांवर आगीपासून वाचवणारा लेप नव्हता. त्या तापल्या, मऊ पडल्या, आणि वर अख्ख्या छताचा भार होता. स्फोटाची एकही खूण सापडलेली नाही.

हे तुला कळत नाही असं थोडंच आहे. स्फोट म्हटला की शिव्या द्यायला कुणीतरी मिळतो. आग म्हटली की आपला ढब्बू आत का थांबला, हा प्रश्न उरतो. मी तो आजवर टाळत आले.

मी माझ्या सगळ्या जवानांना बाहेर बोलावलं होतं. बाकीचे आले. तो अडकलेली पाण्याची नळी सोडवत बसला. मी वायरलेसवर ओरडले, "टाक ती नळी, आधी बाहेर ये."

"आलो गं आत्या. लोखंड आहे, पडत नाही."

अण्णांचं वाक्य. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, मग तू ऐकवायला लागलास, आणि घरात खुर्ची डुगडुगली तरी आपण चेष्टेने तेच म्हणायचो. ढब्बू त्यावरच वाढला. तू खचशील म्हणून मी हे पोटात ठेवलं. फार जड गेलं, दादा. तुझा दोष नाही, अण्णांचाही नाही.

पण सोमवारी मी त्याचे ते शेवटचे शब्द जसेच्या तसे सांगणार आहे. तू माझ्याशी बोलणं सोडलंस तरी सांगणार. चौकशीवाले स्फोट लिहून मोकळे झाले, तर पुढच्या आगीत माझी माणसं पुन्हा अशाच उघड्या तुळयांखाली शिरतील. परक्यांसमोर ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस, म्हणून लिहिलं.

एक मागते. येताना लहान भट्टी आणि एक गज घेऊन ये. सगळ्यांसमोर तापव आणि वाकवून दाखव. तुला नाही जमलं तर मी वाकवीन. अण्णांनी मलाही शिकवलं आहे. तू नुसता शेजारी उभा राहा.

वाट पाहते.

ढब्बूची आत्या