कॅसेट पाहिल्याशिवाय उघडू नये

॥ श्री ॥

अल वक्रा, कतार
शुक्रवार, दि. २८ मे १९९९

चि. मधूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी चौथी कॅसेट मिळाली. पोस्टात तपासणीसाठी सतरा दिवस पडून होती. खिडकीवरच्या माणसाने विचारलं की यात नक्की आहे काय. मी सांगितलं, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, छत्तीस दांडगे गडी अर्ध्या चड्ड्या घालून एका लांबट चेंडूसाठी मारामारी करतात, आणि त्यातल्या अठरा जणांना तीही धड येत नाही. ते अठरा आमचे. त्याने शिक्का मारून दिला.

मधू, हे चाललंय काय? आपण दोघं मेलबर्नच्या त्या कारखान्यात लागलो तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं, मी वॉटलब्रिज क्लबचा आहे. त्यातली तेरा वर्षं इथून, कॅसेटवर. वाईट सीझन पाहिले, पण इतका निर्लज्ज पाहिला नव्हता. चार सामने, चार हार. या चौथ्या सामन्यात तीन गोल आणि चौदा बिहाइंड. माझा व्हीसीआर दुरुस्तीला टाकलाय, म्हणून मी कॅसेट खालच्या दुकानात नसरुद्दीनकडे पाहतो. दापोलीचा माणूस, बिचारा चहा पाजून वर मलाच धीर देतो. त्याला मी समजावलं की चार खांब असतात, मधल्या दोहोंतून चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला लागला की एक, तोच बिहाइंड. तो म्हणाला, मग हे लोक मुद्दाम एकाकडे का मारतात? हा प्रश्न कोचला कुणी विचारत नाही का?

आणि तू. गोलाच्या मागे, रांग फ, सीट चौदावर बसतोस, आणि मला लिहितोस काय, तर वारा फार होता, गर्दी बरी होती, आपण हरलो. चार ओळी, त्याही तुझ्या सौ. शोभाच्या अक्षरात. वारा घेऊन मी काय करू? तिसऱ्या क्वार्टरला आपला फुलबॅक कुणाकडे बघत उभा होता ते सांग. ते कॅसेटमध्ये दिसत नाही, तुला समोर दिसतं.

नियम विसरू नकोस. सीझन संपेपर्यंत फोन नाही, आणि प्रत्येक पाकिटावर कॅसेटचा नंबर. तुझी वहिनी कैवल्यच्या बारावीसाठी नाशिकला राहिली आहे, तिलाही निकाल सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. आणि माझ्या सीट पंधरावर कुणाला टेकू देऊ नकोस.

राग क्लबवर आहे, थोडा तुझ्यावरही. माया आहे तिथेच आहे.
तुझा,
दादा

(पाकिटावर: कॅसेट १० पाहिल्याशिवाय उघडू नये)

मेलबर्न
रविवार, दि. १३ जून १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंगठा मुरगळलाय म्हणून पत्र शोभाच्या हातचं. मजकूर माझाच आहे, उगाच शंका घेऊ नकोस.

तुझं पत्र रविवारी चहानंतर वाचलं. फुलबॅकवर तू जे खवचट लिहिलंयस, त्यावर शोभासुद्धा हसली, आणि तिला तर चेंडू गोल असतो की लांबट याचीही फिकीर नाही. असंच लिहीत जा. हात आखडू नकोस.

पाच तारखेला एकदाचे जिंकलो. तू पाहिलंच असशील. थंडी मरणाची होती. शेवटच्या क्वार्टरला आपल्या समोरच्या टोकाला हॅरिगनने तो गोल मारला, तेव्हा सगळं स्टँड उभं राहिलं. नुसतं हॅरिगन, हॅरिगन चाललं होतं. तेवीस नंबरचा तो शर्ट अजून दोन वर्षं तरी आपल्याकडे राहायला हवा. बाकी तपशील तुला कॅसेटमध्ये दिसेल, तू मला कळव.

तुझ्या सीटवर नेहमीप्रमाणे माझा कोट ठेवतो. मागच्या रांगेतल्या बाईने मागितली होती, दिली नाही. सभासदत्वाचा फॉर्म ऑगस्टमध्ये येईल, तेव्हा पाठवतो. सही वेळेत कर, नाहीतर या वर्षी काढून घेतील, मागे मोठी यादी आहे.

लेकीचा, गार्गीचा नमस्कार. तुझे आशीर्वाद असेच येत राहोत, शिव्यांसकट.
तुझा,
मधू

अल वक्रा
शुक्रवार, दि. १६ जुलै १९९९

चि. मधूस,
आशीर्वाद. वि. वि.

दहावी कॅसेट पाहिली, मग तुझं पाकीट उघडलं. पत्र वाचलं आणि कॅसेट पुन्हा लावली. पुन्हा पाहून झाल्यावर नसरुद्दीनला ती जागा थांबवून ठेवायला सांगितली. तोही म्हणाला, बरोबर आहे तुमचं.

हॅरिगनने गोल मारला? हॅरिगन तिसऱ्या क्वार्टरमध्येच मांडी धरून बाहेर गेला होता. शेवटचा पूर्ण क्वार्टर तो बाकावर बर्फाची पिशवी लावून बसलाय, अंगावर ब्लँकेट. कॅमेरा तीन वेळा त्याच्यावर गेला. गोल मारला बत्तीस नंबरने, त्या काटकुळ्या नव्या पोराने, आणि तोही डाव्या पायाने. एक तेवीस नंबरचा आडदांड माणूस आणि एक बत्तीस नंबरची काठी. तुझ्या नाकासमोर, मधू. डोळे फुटले होते का तुझे?

तू मैदानावर गेलाच नव्हतास, एवढंच मला कळतं. घरी बसून कुणाकडून तरी उडतउडत ऐकलंस आणि मला थंडीच्या गोष्टी सांगितल्यास. आता मागचीही सगळी पत्रं मला कळायला लागली. वारा होता, गर्दी बरी होती. हे तर पेपरात येतं.

मी इथे सहा दिवस प्लँटवर भट्टीत काढतो आणि शुक्रवारची वाट बघतो. पन्नास डिग्रीत पोस्टाच्या रांगेत उभा राहतो, दीड महिना शिळ्या सामन्यासाठी. माझी जागा माझा भाऊ राखतोय, या एका गोष्टीवर हे सगळं चालतं. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग, माणसाला कंटाळा येऊ शकतो. खोटं का लिहायचं?

फॉर्म पाठवू नकोस. माझं नाव काढून टाक. सीट पंधरा त्या मागच्या बाईला दे, ती निदान येऊन बसेल तरी.

एवढंच. आज यापुढे काही लिहावंसं वाटत नाही.
विजय

मेलबर्न
रविवार, दि. १ ऑगस्ट १९९९

ती. दादांस,
सौ. शोभाचा शि. सा. न.

या पाकिटावर नंबर टाकलेला नाही, म्हणजे तुम्ही लगेच उघडाल. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे.

ह्यांचा अंगठा मुरगळलेला नाही. दिवाळीपासून काचबिंदू आहे, आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणतात. उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. शर्टावरचा नंबर कुठला दिसणार.

पण ते मैदानावर जातात, दादा. एक शनिवार चुकवलेला नाही. गार्गी गेटपर्यंत सोडते, पुढे ते कठड्याचे खांब मोजत रांग फ गाठतात. शेजारच्या जागेवर कोट ठेवतात आणि तीन तास नुसते ऐकतात. आमच्या या लहान लीगचं रेडिओवर काही येत नाही. त्या दिवशी लोक हॅरिगनच्या नावाने हळहळत होते, त्यांना वाटलं गोल त्याचाच. कुणाला विचारत नाहीत. विचारलं तर कळेल ना.

रविवारी चहा झाला की मी तुमचं पत्र वाचायला बसते. एकदा वाचून भागत नाही. थांब, मागून वाच, असं तीनतीनदा होतं. तुम्ही फुलबॅकला शिव्या घालता तेव्हा ते हात उचलून हवेत दाखवतात, हा इथे होता, तो तिथे. सामना त्यांना तेव्हा दिसतो. क्लब स्वतः सामना चित्रित करतो, त्यावरून कॅसेटी गार्गी भरते, पण न चुकता पाठवायची घाई ह्यांची असते, कारण त्याशिवाय तुमचं पत्र यायचं नाही.

तुम्हाला सांगायचं नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली होती. आज मोडली. तुमचं परवाचं पत्र वाचून दाखवलं, त्यातलं एक वाक्य मात्र मी गाळलं. कुठलं ते तुम्हाला कळेल.

फॉर्मचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही मागत नाही, पण तुमच्यावर रागावलेही आहे.
सौ. शोभा

(पाकिटावर: कॅसेट १४)

अल वक्रा
शुक्रवार, दि. २७ ऑगस्ट १९९९

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी उगाच तापलो. उन्हाने होतं असं. मनावर घेऊ नकोस.

चौदावी कॅसेट पाहिली. सामना छान झाला. थोडक्यात हरलो. मुलं प्रयत्न करतायत, कोचचाही नाइलाज आहे. हार-जीत चालायचीच. नसरुद्दीनलाही आता खेळ आवडू लागलाय.

तू तब्येतीला जप. थंडीत मैदानावर जायलाच पाहिजे असं काही नाही. फॉर्मची चिंता करू नकोस, सवडीने बघू.

सदैव तुझा,
दादा

मेलबर्न
रविवार, दि. १२ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
शि. सा. न. नमस्कार करतोय तो रीत म्हणून.

शोभाने तुझं पत्र वाचलं. मी म्हटलं पान उलट, तर ती म्हणाली संपलं. तेव्हाच मला कळलं हिने काय केलंय ते. तिच्याशी माझं भांडण होऊन गेलं, आता तुझी पाळी. आणि शोभा, हे लिहिताना एकही शब्द गाळायचा नाही.

मुलं प्रयत्न करतायत? हे वाक्य तुझ्या हातून लिहिलं गेलं? चौदावा सामना आपण एकसष्ट गुणांनी हरलो, तेवढं मला लाउडस्पीकरवरून ऐकू येतं. त्याला तू छान म्हणतोस. कोचचा नाइलाज म्हणे. तेरा वर्षांत तू एका कोचलाही माणूस म्हटलं नाहीस.

दादा, माझी कीव करायला इथे पुष्कळ लोक आहेत. डॉक्टर आहेत, शेजारी आहेत. गार्गी माझ्याशी इतकं हळू बोलते की मी आजारी असल्यासारखं वाटतं. एक तूच उरला होतास ज्याला माहीत नव्हतं, म्हणून तर सांगितलं नाही. तू चिडलास की मला मैदान स्वच्छ दिसतं. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला ढकललं, चेंडू कुठे टप्पा खाऊन वळला, सगळं. या पत्रातून मला काहीही दिसलं नाही. डोळे माझे गेलेत, तुझे नाही.

गाळलेलं वाक्यही मी शोभाकडून वाचून घेतलं. तिथे तिने ओळ सोडली हे मला ऐकूनच कळलं होतं. डोळे फुटले होते का. दहा महिन्यांत हा प्रश्न मला सरळ विचारणारा तू पहिला. मी हसलो, ती रडली.

सोबत शेवटच्या सामन्याची कॅसेट आहे, अठ्ठावीस ऑगस्टची. हरणारा तळाला जाणार होता. आपण एका गुणाने हरलो. नियम मोडून सांगतोय, कारण पुढचं मला तुझ्याकडून हवंय. शिटीच्या जरा आधी आमच्या समोर ठप्प असा आवाज आला आणि सगळं स्टँड गप्प झालं. काय झालं ते मी कुणालाही विचारलेलं नाही. दोन आठवडे थांबलोय, आणखी थांबतो.

फॉर्मही आत आहे. पंधरा ऑक्टोबरपर्यंत क्लबच्या ऑफिसात पोचला नाही तर सीट जाते. त्याचं काय करायचं ते करून टाक, पण मला दया म्हणून काही नको.
मधू

अल वक्रा
शुक्रवार, दि. ८ ऑक्टोबर १९९९

मधू, गाढवा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. शोभा, सावकाश वाच, आणि हा हात उचलेल तिथे थांब.

ते बैल आहेत, सगळे अठरा. पहिला क्वार्टर वारा आपल्या पाठीशी होता, तुझ्या डाव्या कानावरून समोरच्या गोलाकडे जाणारा, आणि या शहाण्यांनी उंच मारण्याऐवजी जमिनीवरून चेंडू सरकवत नेला. चार वेळा चिखलात रुतला. फुलबॅक, तोच तो, हात कमरेवर ठेवून ढगांकडे बघत होता. त्याच्या मागून त्यांचा सात नंबर आला, खांद्याला धक्का मारून गेला, आणि आपला हा बाजूला होऊन त्याला वाट देतो. तिथे मी नसरुद्दीनचा चहाचा पेला फोडला. तो म्हणाला, भाईसाब, आता खलास. मी म्हटलं, अजून तीन क्वार्टर आहेत.

दुसरा आणि तिसरा क्वार्टर हॅरिगन लंगडत होता. त्याला गोलासमोर उभा ठेवायचं सोडून या कोचने पार मध्यावर पळायला लावलं. त्या माणसाला मी गॅसच्या प्लँटवर एक झडपसुद्धा उघडू देणार नाही.

आता शेवटचं मिनिट. आपण दोन गुणांनी मागे. तुझ्या उजव्या हाताला, कुंपणापासून वीस पावलांवर, घोळका. त्यातून चेंडू निसटला आणि टप्पा खाऊन उलटा वळला, तो त्या बत्तीस नंबरच्या काठीच्या छातीवर. त्याच्यापुढे कुणी नाही. हॅरिगन लंगडत मधोमध येऊन उभा, दोन्ही हात वर, देऊन टाक म्हणून ओरडतोय. काठीने त्याच्याकडे पाहिलं. मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं, त्याने पाहिलं होतं. तरी स्वतः मारला, डाव्या पायाने. चेंडू सरळ निघाला, तुझ्याकडेच येत होता, मधू. आणि अगदी शेवटी वाऱ्याने चार बोटं सरकला आणि उजव्या मधल्या खांबाला लागला. मनगटाएवढ्या उंचीवर. तो ठप्प म्हणजे हा. एक गुण. लगेच शिटी.

त्यानंतर कॅमेरा स्टँडवर गेला. सगळे डोकं धरून बसलेले. रांग फमध्ये एकच माणूस उभा होता, मान वर करून, अजून चेंडू यायचाय असा. शेजारी कोट. माझ्या इतक्या कॅसेटी झाल्या तरी मी तुला कधी शोधलं नव्हतं, नुसता चेंडू बघत होतो. खोटं मी लिहिलं, तू गेला नाहीस म्हणून. त्याची शरम वाटते, ती इथेच सांगतो आणि संपवतो.

फॉर्मवर सही केली आहे. पोस्टावर भरवसा नको म्हणून कंपनीचा एक माणूस उद्या मेलबर्नला निघतोय, त्याच्या हाती देतोय. तो थेट क्लबच्या ऑफिसात टाकेल. या वर्षीची रजा नाशिकला न घालवता एप्रिलमध्ये तिकडे यायला घेतली आहे. तुझी वहिनी महिनाभर बोलणार नाही, पण ते माझं मी बघीन. चार सामने मिळतील. चारही हे बैल हरतील, आणि प्रत्येक लाथ मी तुझ्या कानात सांगेन, आजूबाजूच्या बायकांनी कान झाकले तरी.

अनेक उत्तम आशीर्वाद. शोभाला सांग, तिने शपथ मोडली ते बरं केलं.

आणि एप्रिलमध्ये तो कोट मांडीवर घेऊन बस. सीट पंधरा माझी आहे.
तुझा,
दादा