बापूंना 'नाही' म्हणणारी

प्रिय केसरबा,

तुझी माणकी घोडी व्यायली. शिंगरू आईइतकंच हट्टी आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे आणि रागही जागच्या जागी आहे. आता खरी गंमत ऐक.

गेल्या महिन्यात इंग्रज सरकारचे एजंटसाहेब आपल्या खंभाळीला आले होते. आपली प्रजासभा म्हणजे भातुकलीचा खेळ, म्हणाले. पुढच्या भेटीत सभेनं राजाला एकदा तरी नकार दिल्याचं दाखवा, नाहीतर ती बंद करायची शिफारस मुंबईला करतो. मी मिशीला पीळ देऊन 'हो' म्हटलं आणि फसलो. अगं, आपल्या लोकांना 'खम्मा बापू' या जयकारापलीकडे काही येतच नाही! सभेत पागोटी उलटी घालावीत, असा ठराव मांडला, तर दुसऱ्या दिवशी सगळे तसेच हजर. गाढवांना मुजरा करण्याचा ठरावही टाळ्यांच्या गजरात मंजूर. शेवटी दिवाण छेलशंकरांना म्हटलं, दोघातिघांना गुपचूप 'नाही' म्हणायला सांगा. ते म्हणाले, सांगून म्हणवलेलं 'नाही' हा तुमचाच हुकूम झाला. हा माणूस खरं बोलून डोकं उठवतो. पण बेटा, मी मनातून घाबरलो होतो. या सभेत माझा जीव अडकला आहे.

काल एजंटसाहेब पुन्हा आले, खुर्ची टाकून बसले. मी युक्त्या सोडून दिल्या आणि एक साधा, आनंदाचा ठराव मांडला. भराभर हात वर झाले. एकच हात खाली होता, म्हशी पाळणाऱ्या रूडीमा आहिराणीचा. गेल्या वर्षी सोयरिकीच्या कायद्यावरून वाड्यावर येऊन माझ्याशी भांडली होती, तीच. पदर सावरून उभी राहिली.

"बापू, पोरीला विचारल्याशिवाय सोयरीक करायची नाही, हा कायदा तुमचाच. आमच्या लाखूला विचारलं, ती नाही म्हणाली, आम्ही सोयरिकीपोटी आलेल्या म्हशी परत धाडल्या. तुम्ही केसरबाला विचारलंत का?"

मग एकेक हात खाली आला, छेलशंकरांचासुद्धा. ठराव पडला, सभा वाचली. एजंटसाहेब तर हसू दाबत माझा हात हलवत होते. मला लाज वाटली आणि रूडीमाचे पाय धरावेसेही वाटले.

ठराव होता, मोरझरच्या युवराजांशी तुझी सोयरीक ठरल्याबद्दल सभेनं आनंद मानावा. तुला कळवायचं राहूनच गेलं होतं. खरं सांगायचं तर, कळवायला हवं हे सुचलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. मुलगा चांगला आहे, घोड्यावर बरा बसतो, पण तुला तो हवा आहे का? उत्तर तुझ्या मनचं लिही, आईला विचारून नको. 'नाही' लिहिलंस तरी चालेल. ऐकायची सवय कालपासून लागली आहे.

भर सभेत हरून खूश झालेला,
तुझाच,
बापू